दहावा निकाल

आमच्या भंडाऱ्याच्या घरात दोन आवाज होते, एक लाकडाचा आणि एक लोखंडाचा. मागच्या खोलीत आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, कोसा रेशमाचा हातमाग चाले आणि पुढच्या खोलीत बाबांचा टाइपरायटर. आबांचा धोटा इकडून तिकडे जाई आणि परत येई. बाबांचं यंत्र मात्र पुढेपुढेच जाई आणि ओळ संपली की घंटी वाजवून ते सगळ्या घराला कळवी. दुपारी डोळा लागताना हे दोन आवाज एकमेकांत मिसळत, आणि अर्धवट झोपेत मला वाटे की बाबा कोसा विणताहेत आणि आबा निकाल देताहेत. मधूनच स्वयंपाकघरातून आईच्या तव्याचा चर्र आवाज येई. तांदळाचे आयते ती इतके पातळ घाली की त्यांतून तव्याचा काळा रंग दिसायचा. त्या रेशमाच्या उकळलेल्या कोषांना एक कुबट, जंगलासारखा वास असतो. तो आमच्या कपड्यांना, वह्यांना, बाबांच्या कोर्टाच्या काळ्या कोटालासुद्धा होता. पुढे कितीतरी शहरांत राहिले, पण अजूनही कुठे तो वास आला की मला आधी कायद्याची आठवण होते.

बाबा दिवाणी न्यायालयात लघुलेखक होते. न्यायाधीश बोलत आणि बाबा वहीत रेघोट्या मारत. त्या रेघोट्या आमच्यापैकी कुणालाही वाचता येत नसत. आई म्हणायची, "चिमणी चिखलातून चालून गेल्यावानी दिसते तुमचं लिहिणं." बाबा गंभीरपणे सांगत, "त्या चिमणीले कायदा येते." भंडारा जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले त्यानंतरची ही गोष्ट. कचेऱ्यांमधली कपाटं, खुर्च्या, जुने गठ्ठे यांची वाटणी कधीची उरकली होती, आणि ज्या भिंतींना कपाटं टेकलेली असत तिथे फिकट चौकोन उरले होते. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि संध्याकाळी बसस्टँडजवळच्या एका संस्थेत कॉम्प्युटरवर मराठी टायपिंग शिकत होते. बाबांना त्या यंत्राबद्दल आदर होता, विश्वास नव्हता. ओळ संपल्यावर जे घंटी वाजवत नाही ते कामाचं नाही, असं त्यांचं मत होतं.

त्या काळात बाबांच्या न्यायालयात साळवेकर नावाचे न्यायाधीश होते. पश्चिमेकडचे, बारीक अंगाचे, नाकावर चष्मा घसरलेला. न्यायाधीश डायसवर येण्याआधी पट्टेवाला जोरात पुकारा करतो, सगळे उठतात, मोठी खुर्ची मागे ओढली जाते. हा सगळा थाट चालू असताना साळवेकर साहेब चोरासारखे येऊन बसलेले असत आणि लोक उठायचे तेव्हा ते पहिलं पान उलटत असायचे. पुकाऱ्याचं बळ फुकट जातं म्हणून पट्टेवाला त्यांच्यावर कायम नाराज होता. बाबांनी पंधरा न्यायाधीशांची वाक्यं कागदावर उतरवली होती. ते म्हणत, बाकीचे साहेब बोलताना स्वतःला ऐकतात, हे बोलताना थांबून पक्षकाराकडे पाहतात. थांबण्याला लघुलिपीत चिन्ह नाही याचं बाबांना वाईट वाटायचं.

मग ते परिपत्रक आलं. मोठ्या, किचकट दिवाणी दाव्यांसाठी नागपूरला एक खास न्यायालय सुरू होणार होतं. ज्यांत पन्नास-पन्नास पक्षकार असतात, नकाशे असतात, तीन पिढ्यांचे कागद असतात, असे दावे फक्त तिथे चालणार. त्यावर बसवायचा न्यायाधीश ज्येष्ठता, गोपनीय शेरे, निकाली काढलेल्या दाव्यांचा हिशेब आणि मुलाखत यांवरून निवडला जाणार होता. शिवाय प्रत्येक उमेदवारानं आपले दहा उत्तम निकाल पाठवायचे होते. दोन्ही बाजू शेवटपर्यंत लढल्या आणि गुणवत्तेवर निकाल दिला, असेच दहा. साळवेकर साहेबांच्या वयाकडे पाहता ही त्यांची पहिली आणि शेवटची संधी होती. ते स्वतः काही बोलले नाहीत. पण बाबांनी परिपत्रकाची एक प्रत करून घरी आणली आणि जेवताना लाखोरीच्या वरणावर धरून आम्हाला वाचून दाखवली.

"साहेबाईसाठीच काढलं हे कोर्ट," बाबा म्हणाले. "दुसरा कोण आहे?"

आबा हात धुवून पाटावर बसत होते. "काय मांगून राहिले ते? नमुने?"

"दहा निकाल, आबा."

"मंग झालं," आबा म्हणाले. "व्यापारी नमुना मांगते तं विणणारा नमुनाच चांगला विणते. कापडाचं अख्खं थान कोण उलगडून पाहाते गा?"

बाबांना ते आवडलं नाही. त्यांनी परिपत्रकाची घडी घातली आणि वरणाचा डाग पडला तिथे चिमटीनं भात लावून टिपून घेतला. आता मी स्वतः महाविद्यालयांच्या निवड समित्यांवर बसते. उमेदवाराचे उत्तम नमुने मागवते, त्यांवर गुण देते, चहा पिते. आबांचा प्रश्न दरवेळी आठवतो आणि दरवेळी मी तो इतिवृत्तात नोंदवायचं टाळते.

नऊ निकाल सहज निघाले. दहाव्यासाठी बाबांच्या मनात एकच दावा होता, आणि त्याचा निकाल कुठेच नव्हता.

तो दावा तुमसरकडचा, सिहोऱ्याच्या बाजूच्या एका तलावाचा. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, दोन गावं, एक वरचं आणि एक खालचं, आणि दोन्ही गावांचे धान तलावाच्या पाण्यावर. पाणी सोडून बांधीबांधीला, म्हणजे धानाच्या एकेका बांध घातलेल्या तुकड्याला, वाटून देणारा माणूस असतो, त्याला पाणकर म्हणतात. पूर्वी दोन्ही गावांचा मिळून एकच पाणकर असे. मग वरच्या गावानं आपला वेगळा नेमला, खालच्या गावाच्या बांध्या कोरड्या पडल्या आणि प्रकरण कोर्टात आलं. चाळीसच्या वर पक्षकार, मालगुजारीच्या काळातले कागद, वकिलांच्या तीन जोड्या. साळवेकर साहेबांनी ते सगळं वाचलं, ऐकलं आणि तीन दिवस बाबांना निकाल सांगितला. बाबा त्या तीन दिवसांबद्दल असे बोलत जसं कुणी मोठ्या गवयाच्या मैफिलीबद्दल बोलतं. जुन्या कागदांवरून पाण्याचा हक्क वरच्या गावाचाच, खालच्यांना फक्त ओसंडून येईल तेवढं, असं त्यात होतं. पण ते इतक्या स्वच्छ, शांत भाषेत, एकेक पायरी बांधत सांगितलेलं होतं, की हरणाऱ्यालासुद्धा आपण का हरलो ते समजावं.

निकाल कोर्टात वाचायच्या आठवडाभर आधी साहेबांना एका वाक्याची शंका आली. तलावाचं पाणी सोडायचं तोंड नेमकं कोणत्या बाजूला उघडतं, हे त्यांना कागदावरून नीट कळेना. ते म्हणाले, एकदा डोळ्यांनी पाहू. दोन्ही बाजूंच्या वकिलांना कळवलं आणि सगळे तिकडे गेले. बाबा वही घेऊन सोबत होते. त्यांनी ते इतक्यांदा सांगितलंय की मी तिथे नव्हते हे मला आता खरं वाटत नाही. पाळीवरचं मोहाचं झाड, पाण्यावर सिंगाड्याच्या वेलांचा हिरवा गालिचा, लांब पाय उचलून चालणारे बगळे आणि दोन बांध्यांमधल्या ओल्या धुऱ्यावर बूट हातात घेऊन उभा असलेला एक न्यायाधीश, हे सगळं मी पाहिलेलं आहे.

डोमाजी नावाचा एक म्हातारा पुढे आला. पूर्वी दोन्ही गावांचा पाणकर तोच होता. साहेबांनी त्याला पाण्याच्या तोंडाबद्दल विचारलं, त्यानं दाखवलं, वाक्य बरोबर निघालं. काम संपलं होतं. परत फिरताना साहेबांनी सहज विचारलं, "तुम्हाला पाणकर म्हणून कुणी निवडलं होतं?"

"कोणी नाई साहेब. बांधीनं."

"म्हणजे?"

"ज्याची बांधी सगळ्यात शेवटी, तो पाणकर. आधीपासून असंच आहे."

"त्यापेक्षा हुशार माणूस असला तर?"

डोमाजी हसला. "हुशार तं पहिल्या बांधीवालाच असते. पण त्याची बांधी भरली का तो घरी जेवाले जाते. माह्या बांधीत पाणी येवाचं तं सगळ्याईच्या बांध्या भरल्यावरच येते. मी कुठी जाऊ?"

बाबा सांगत की साहेब तिथे थांबले. बराच वेळ थांबले. बाबांच्या पेन्सिलीचं टोक कागदावर टेकलेलं होतं आणि लिहिण्यासारखं काही नव्हतं.

निकाल त्या तारखेला वाचला गेला नाही. साहेबांनी दोन्ही बाजूंना आपल्या दालनात बोलावलं, आणि पुढच्या दोन-तीन तारखांमध्ये जे झालं ते असं, की दोन्ही गावं पुन्हा एका पाणकरावर आली आणि तो खालच्या गावातल्या शेवटच्या बांधीचा असावा असं ठरलं. तडजोडीचा कागद दोन पानांचा, त्याखाली सह्या आणि अंगठे. दावा संपला. तीन दिवस सांगितलेला तो निकाल बाबांच्या वहीतच राहिला, चिमणीच्या पायांच्या ठशांत. आणि न्यायाधीशानं आपल्या आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम परिपत्रकाच्या कोणत्याच रकान्यात बसेना. तडजोड म्हणजे निकाल नव्हे. न वाचलेला निकाल तर काहीच नव्हे.

बाबांनी जे केलं ते फक्त लघुलेखकच करू शकतो. त्यांना वाटे की सांगितलेला शब्द म्हणजे झालेली गोष्ट. त्यांच्या वहीत आहे म्हणजे तो निकाल आहे. बाकी उरलं ते फक्त टायपिंग.

"कुंदा," एका रविवारी ते मला म्हणाले, "तुह्या त्या क्लासमधी मशीन मोकळी असते काय व दुपारी?"

चार रविवार आम्ही तिथे बसलो. बाबा रेघोट्या वाचत, मी टाइप करी. उन्हाळा होता, पंखा हळू फिरे, बाहेर रस्ता ओस. तलाव, पाट, बांध्या, धुरे, जुन्या नोंदी, एकामागून एक वाक्यं येत होती, आणि मला गुंगी येऊन असं वाटायला लागलं की पाणी त्या पडद्यावरच एका ओळीतून दुसऱ्या ओळीत उतरतंय. मी विचारलं एकदाच. "बाबा, हे चालते काय? साहेबाईनं तं हे कोर्टात वाचलंच नाई."

"मले तं सांगतलं ना," बाबा म्हणाले. "मी काय कोणीच नाई?"

छापून निघालेली पानं मी स्वतः टाचली. वर क्रमांक लिहिला, दहा.

सहीसाठी गठ्ठा घेऊन आम्ही साहेबांच्या बंगल्यावर गेलो ती सकाळची वेळ होती. दुसऱ्या दिवशी गठ्ठा वर जायचा होता. त्याच आठवड्यात वरून एक मोठे साहेब तपासणीला येऊन गेले होते. त्यांच्यासाठी कोर्टाच्या पायऱ्यांवर फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या होत्या. त्या जवाहरनगरच्या कारखान्याच्या वसाहतीतून, कुणाकुणाच्या अंगणातून उसन्या आणलेल्या. कुंड्यांवर क्वार्टरांचे नंबर रंगवलेले होते आणि मोठे साहेब, म्हणे, प्रत्येक कुंडीजवळ थांबून मान हलवत गेले. त्यांतल्या तीन-चार कुंड्या परत न्यायच्या राहून साळवेकर साहेबांच्या व्हरांड्यात आल्या होत्या. आम्ही त्यांच्या शेजारी उभे राहिलो. साहेबांच्या पत्नीनं मला खुर्ची दिली. बाबा बसले नाहीत.

साहेब एकेका निकालाच्या शेवटच्या पानावर सही करत गेले. नऊ झाल्या. दहावा उघडला, आणि सही करायच्या ऐवजी ते पहिल्या पानावर गेले. मग दुसऱ्या. त्यांनी तो पूर्ण वाचला. चहावर साय धरली. शेजारच्या झाडावर एक भारद्वाज थांबून थांबून घुमत होता, आणि बाबांच्या चेहऱ्यावर मी असा आनंद पाहिला जो आबांच्या तोंडावर थान पूर्ण झाल्यावर असायचा. साहेबांच्या चेहऱ्यावर काय होतं ते तेव्हा मला कळलं नाही.

"निमजे, हा कुणाचा निकाल?" साहेबांनी बाबांना विचारलं.

"आपलाच साहेब."

"मी हा दिलेला नाही."

"आपण सांगितला साहेब. तीन दिवस. एक शब्द माझा नाही."

"ते दिसतंय मला." साहेबांनी चष्मा वर सारला. "चांगला आहे. मी दिलेल्या नवांपेक्षा चांगला आहे." ते थांबले. "आणि हा मी कोर्टात वाचला असता, तर खालच्या गावात आज धान नसतं."

साहेब पानं सारखी करत म्हणाले, "यात कायद्याची एकही चूक नाही, निमजे. मी शोधत होतो. एखादी सापडली असती तर बरं वाटलं असतं."

"साहेब, वरचे लोक हे वाचतील तर..." बाबांचा आवाज नेहमीचा नव्हता. "तर त्यांना कळेल तरी, कोण बसलाय इथं."

"त्यांना कळेल की मी न दिलेला निकाल दिला म्हणून पाठवला." हे ते रागानं नाही, समजावून सांगितल्यासारखं बोलले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "हे तू टाइप केलंस?" मी मान हलवली. "एकही चूक नाही," ते म्हणाले. आयुष्यात मला मिळालेलं ते सगळ्यात अवघड प्रशस्तिपत्र.

बाबांनी दुसरा कुठलातरी निकाल सुचवला. कपाटात ठीकठाक निकाल पुष्कळ होते, दहावा कुणी निरखून पाहिलाही नसता. साहेब आत गेले आणि तडजोडीच्या त्या दोन पानांची प्रत घेऊन बाहेर आले. ती त्यांनी स्वतःच्या टेबलात ठेवली होती. तिच्यावर त्यांनी पेनानं क्रमांक टाकला, दहा, आणि नऊ निकालांखाली ठेवली.

"साहेब, हे चालणार नाही," बाबा म्हणाले.

"ठाऊक आहे."

"मग काहून?" बाबा साहेबांशी कधी घरच्या भाषेत बोलत नसत. त्या दिवशी तो शब्द निसटला.

"त्यांनी उत्तम दहा मागितलेत," साहेब म्हणाले. "मी नऊ उत्तम आणि एक बरा कसा पाठवू?"

मी टाइप केलेली पानं त्यांनी बाबांच्या हातात दिली. म्हणाले, जाळू नका, पण कुठल्या फाइलीला लावूही नका. घरी आल्यावर बाबा ती पानं घेऊन नुसते बसून राहिले. आईनं आयते वाढले, ते गार झाले. शेवटी आबांनी पानं मागून घेतली. विणलेलं कापड ज्या रुळावर गुंडाळलं जातं त्यावर आधी कागद लपेटलेला असतो, कोशाला लाकडाचा डाग लागू नये म्हणून. आबांनी तो निकाल रुळावर लपेटला. "हा निकाल आता थानाच्या आत राहीन," ते बाबांना म्हणाले. "कोणाले दिसत नाई. पण त्याच्याबिना कापड खराब होते."

पावसाळ्याच्या शेवटाला उत्तर आलं. खास न्यायालयासाठी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका न्यायाधीशांची निवड झाली होती. ते वाईट होते असं मी म्हणणार नाही. पुढे त्यांचे बरेच निकाल वाचले, चांगले होते. साळवेकर साहेबांच्या गठ्ठ्यातली दोन पानं मात्र वेगळी परत आली होती. त्यांना चिठ्ठी लावलेली होती की कागद क्रमांक दहा हा निकाल नसल्याने विचारात घेता येत नाही. साहेबांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि म्हणाले, "बरोबर आहे." मग त्यांनी पुढच्या दाव्याचा पुकारा करायला सांगितला. बाबा म्हणत, त्या दिवशी पट्टेवाल्यानं इतक्या जोरात पुकारलं की खिडकीतली कबुतरं उडाली.

साहेब नंतर बदलून गेले आणि बदलीच्या गावीच निवृत्त झाले. बाबाही निवृत्त झाले. आबांचा माग थांबला, टाइपरायटर माळ्यावर गेला, आणि घरात इतकी शांतता झाली की आई स्वतःशी बोलायला लागली. मी सुट्टीत आले होते तेव्हा बाबा अचानक म्हणाले, "तो तलाव पाहाले जाऊ." एसटीनं सिहोऱ्यापर्यंत, पुढे एका ओळखीच्याच्या गाडीवर.

मोहाचं झाड होतं. सिंगाड्याचे वेल होते. मी कधीच न पाहिलेलं सगळं जागच्या जागी होतं. पाणी सोडलेलं होतं आणि धुऱ्यावरून एक बाई फावडं घेऊन बांधीबांधीची तोंडं उघडत, बुजवत चालली होती. डोमाजीची सून. तो जाऊन काही वर्षं झाली होती आणि शेवटच्या बांधीबरोबर पाणकरकी तिच्याकडे आली होती. वरच्या गावातला एक माणूस तिला लांबून ओरडून घाई करत होता. ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "येऊन राहिली ना बापा! तुह्या बांधीले पाय फुटले काय?" मग आमच्याजवळ आली आणि बाबांना न्याहाळत म्हणाली, "तुमी कोर्टातले ना? वहीवाले? मामाजी सांगे." सासऱ्याबद्दल बोलत होती ती.

"हो," बाबा म्हणाले.

"अन् ते साहेब? मोठ्या कोर्टात गेले असतीन."

"नाई गेले."

तिनं फावड्यावर हात टेकले. "काहून? मंग तेथी कोणाले बसवलं? शेवटच्या बांधीवाल्याले?"

बाबांनी वाकून चपला काढल्या, धोतराचा सोगा वर खोचला, आणि धुऱ्यावरून चालत शेवटच्या बांधीत जाऊन उभे राहिले. तिची बांधी अजून कोरडी होती, भेगा पडलेली. वर कुठेतरी एकेक तोंड उघडत होतं, बुजत होतं. मी हाक मारली, ऊन लागेल, सावलीत या म्हणाले. ते आले नाहीत. बऱ्याच वेळानं वरच्या धुऱ्याच्या फटीतून पाण्याची एक चपटी, मातकट जीभ आत आली, भेगांमध्ये शिरली, थांबली, पुन्हा सरकली, आणि बाबांच्या पायांच्या बोटांपर्यंत पोहोचली.